मुराळ्याचं आवतण

आमच्याकडं लग्नाच्या फोटोत एक तरी वर्दी लागते. नवरा-नवरी जरा कडेला सरकली तरी चालेल, पण भावकीतला, नात्यातला, नाहीच तर मेव्हण्याचा मेव्हणा का असेना, जो कुणी पोलिसात असेल त्याला मधोमध उभा करायचा. तो सुट्टीवर असला तरी त्याला निरोप जातो, वर्दी घालूनच ये. माझा धाकटा भाऊ बीडला पोलिसात आहे. साधा हवालदार. बंदोबस्तात उभं राहून राहून पाय सुजतात बिचाऱ्याचे. पण माझ्या सासरी त्याचा फोटो भिंतीवर लागला आणि बांधावरून रोज कुरबुर करणारा शेजारी आमच्या घरी चहा पिताना आवाज उतरवून बोलायला लागला. मला त्याचा लई ताठा होता. कबूल करते. त्या ताठ्यानंच पुढं घात केला.

मी अंगणवाडीची ताई. तोंडाची फटकळ, हे गावच सांगेल. केज तालुक्यात आमचं गाव, बाजार युसूफ वडगावचा. घरी मालक, सासू म्हणजे आमच्या आत्याबाई, धाकटे भावजी, थोडी सोयाबीन, थोडा कापूस आणि एक मेंढरांचा कळप. भावजी चौतिशीला आले तरी लग्न जमेना. पोरगी बघायला गेलं की पहिला प्रश्न, नोकरी कुठं हाय? शेती आहे, मेंढरं आहेत, आयशर चालवतो म्हटलं की पोरीची आई चहाचा कप उचलून आत जायची. तीन वर्षं आम्ही असे कप बघत फिरलो. शेवटी भावजींनीच मार्ग काढला. ते मिरचीचा माल भरायला तेलंगणात जायचे. तिथं शेतांमधून मिरची तोडायला लांबून, बस्तरच्या जंगलातून माणसं येतात. त्यातल्या एका पोरीला त्यांनी बघितलं, तिच्याबरोबर असलेल्या मावशीशी बोलले आणि पुढच्या खेपेला दोघींना घेऊनच आले.

मारुतीच्या देवळापुढं लग्न लागलं. पोरीकडून फक्त मावशी. आई नाही, भाऊ नाही. आमच्या बायकांनी तेवढ्यावरून नाकं मुरडली, आणि मी सगळ्यांना गप्प केलं. फोटोची वेळ आली तसा माझा भाऊ बीडहून थेट बंदोबस्तावरून आला, वर्दीत. त्याला बघितलं आणि पोरगी भावजींच्या पाठीमागं गेली. नुसती लाजून नव्हे. मी हात धरून पुढं आणली तर हात गार पडलेला, उन्हाळ्याच्या दुपारी. आम्ही सगळ्या हसलो. "अगं, माझा भाऊ हाय, खातो का काय तुला!" असं मी म्हणाले. मग तो मधोमध, नवरा-नवरी दोन बाजूंना, आम्ही मागं. फोटोत तिनं मान वर केलीच नाही.

मराठी ती भरभर शिकली. तीन महिन्यांत "कावून" आणि "न्हाई" असं बोलायला लागली की आत्याबाई तिच्या तोंडाकडं कौतुकानं बघत राहायच्या. पण तिच्या काही रीती मला कळत नव्हत्या. बाजारातून मीठ आणायला सांगितलं तर पावशेरच आणायची. गोळ्यांचं पाकीट आणलं तर चार गोळ्या पदरात, चार ब्लाऊजमध्ये, चार पिशवीत. शेताकडं जाताना गाडीवाटेनं जायची नाही, कडेच्या तुरीतून जायची, आणि शेजारी बोंब मारायचा की तुमची सून आमचं पीक तुडवते. रस्त्यात बेवारस डबा दिसला तर दहा पावलं मागं सरकायची. एकदा अंगणवाडीच्या दारात खिचडीचा रिकामा डबा पडला होता तर ही लेकरांना हाताला धरून धरून मागल्या दारानं बाहेर काढायला लागली. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. "येडी हायस का गं? लेकरं भिली ना!"

दुपारी भांडी घासता घासता तिनं मला सांगितलं. तिकडं जंगलात जे बंदूकवाले असतात त्यांना गाव दादा लोक म्हणतं. त्यांनी रस्ता खोदला म्हणून बस बंद झाली. रस्ता परत झाला तर त्यात काहीतरी पुरलं, एक बैलगाडी गेली, बैल गेले, गाडीवान गेला. तेव्हापासून वाटेवरून कुणी चालत नाही. शाळेचं छत उडवलं, कारण त्यात पोलीस राहतील. मास्तर वर्षातून एकदा झेंड्याला येतो, तेही दुसऱ्या गावात. मोबाइलचा टॉवर जाळला, आता फोन लावायचा तर डोंगर चढायचा. आठवड्याचा बाजार दोन कोसांवर होता, तिथं एका व्यापाऱ्याला मारलं आणि बाजार उठला तो उठलाच. आता मीठ आणायचं तरी दिवसभर चालायचं, आणि येताना पोलिसांच्या कॅम्पवर पिशवी उघडून दाखवायची. मीठ जास्त असलं, गोळ्या जास्त असल्या की ते विचारतात, कुणासाठी नेतेस? आणि कॅम्पवर जरा जास्त वेळ थांबलं की गावात दुसरे विचारतात, काय सांगून आलीस?

हे सगळं ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. माझ्या हातातलं भांडं मात्र तसंच राहिलं. आपण इथं लाइट गेली तर बोंबलतो.

"आणि घरटी एक," ती म्हणाली.

"काय घरटी एक?"

"घरातलं एक लेकरू दादा लोकाला द्यायचं. पोरगा न्हाईतर पोरगी. आमच्या घरात आमी दोघं. मी आन् भाऊ. मला मागायच्या आधी आईनं मावशीबरोबर मिरचीला धाडलं. मनली, परत येऊ नको."

"आन् भाऊ?"

ती भांड्यावर राख घासत राहिली. भाऊ एकवीस वर्षांचा. आई, दोन बैल आणि डोंगरउतारावरचं शेत, हे सोडून तो निघत नव्हता, आणि आता निघायचं म्हटलं तरी गावातल्या दादा लोकांच्या समितीला विचारल्याशिवाय तरणा पोरगा गाव सोडू शकत नव्हता. विचारलं तर कारण द्यायचं. खोटं कारण दिलं तर मागून कुणीतरी चौकशी करतं. एकीकडून दादा लोक त्याला मागत होते, दुसरीकडून कॅम्पवाले बोलावून बसवून ठेवत होते. मधल्यामधे पोरगा वाळत चालला होता.

ती आली त्या वर्षीची पंचमी तिनं पहिल्यांदा बघितली. आमच्या मराठवाड्यात नागपंचमी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरीला न्यायला तिचा भाऊ येतो, त्याला आम्ही मुराळी म्हणतो. मुराळी आला नाही तर बाई सासरी तोंड वर करून हिंडत नाही. आदल्या दिवशी चौथीला सगळ्या बायका भावासाठी उपास धरतात. मी धरला तसा तिनंही धरला, आणि येडीनं पाणीसुद्धा पिलं नाही, दुपारी घेरी येऊन पडली. मी शिव्या देत तिच्या तोंडात भगर घातली. आत्याबाई मात्र त्या दिवशी चुलीजवळ बसून भाकरी खात होत्या. तिनं मला हळूच विचारलं, "आत्याबाई कावून जेवतात?"

"त्यांचा भाऊ वारला," मी सांगितलं. "आमच्या घरात ज्या बाईचा भाऊ न्हाई ती चौथ धरत न्हाई. भाकरी खाते."

तिनं आत्याबाईंच्या ताटाकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ मोटारसायकलवर मला न्यायला आला. मी मागं बसले, आणि ही दारात उभी. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. परत आल्या आल्या मी तिला गाठलं.

"अगं, तुझ्या भावाला मुराळी म्हणून बोलवू की! बहिणीला सणाला आणायला जातो म्हणून सांगायचं. त्यात खोटं काय हाय? रीतच हाय आपली. समितीवाल्यांना पण बहिणी असतील ना? एकदा हितं आला की मग कोण धाडतंय परत. मेंढरामागं हिंडल, न्हाईतर भावजीच्या गाडीवर बसल."

तिचं तोंड असं उजळलं की काय सांगू. ती आल्यापासून तिला मी तशी कधी बघितली नव्हती. त्या दिवसापासून आमचं दोघींचं एकच काम, पुढच्या पंचमीला तो आला पाहिजे. ती म्हणाली, तोंडी निरोप चालणार नाही, आवतण दिसलं पाहिजे. समितीसमोर ठेवता येईल असं. मग मी हिरवी साडी घेतली तिच्या आईला, खणाची चोळी, नारळ, साखर, हळदीकुंकवाच्या पुड्या. एका कागदावर हिंदीत लिहिलं, की सणाला भावानं बहिणीला न्यायला यायची आमच्या घरची रीत आहे, तरी पाठवावे. मिरचीचा हंगाम संपताना मावशी गावी परत जायची होती. भावजी गाडी घेऊन तिकडं निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर गाठोडं द्यायचं ठरलं.

गाठोडं मी बांधलं. आणि बांधताना मला वाटलं, नुसत्या साडीनं त्यांना काय कळणार? पोरगी इतक्या लांब दिली, कुणाच्या घरात पडली, कशी माणसं आहेत, हे आईच्या डोळ्यांना दिसायला नको? म्हणून मी कपाटातून लग्नाचा फोटो काढला, भिंतीवर आहे तोच, लहान. चांगला प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून साडीच्या घडीत ठेवला. घराणं बघा म्हणावं. तिला विचारलं नाही. तिला कशाला सांगायचं, आईकडून कळेल तेव्हा पोरगी खूश होईल, असं माझ्या मनात. भांडी घासताना तिनं सांगितलेलं सगळं मी ऐकलं होतं. मीठ, गोळ्या, कॅम्प. रडले पण होते. आणि तरीही त्या फोटोत मधोमध कोण उभं आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्यासाठी तो माझा भाऊ होता, बस.

श्रावण लागला. चौथीला दोघींनी उपास धरला, या वेळी तिनं शहाण्यासारखी भगर खाल्ली. पंचमीला सकाळीच तिनं हिरव्या बांगड्या भरल्या, नवी साडी नेसली आणि फाट्यावर जाऊन बसली. मी माझ्या भावाला सांगून ठेवलं होतं, आज नको, उद्या ये, आधी तिचा मुराळी येऊ दे. केजकडून येणारी एस.टी. थांबली की ती उठायची. माणसं उतरायची, ती परत बसायची. लिंबाला बांधलेल्या झोक्यावर गावातल्या पोरी आरडत होत्या. दुपारी मी तिला दूध दिलं ते तिनं शेजारी ठेवलं, त्यात मुंगळा पडला. शेवटची गाडी गेल्यावर भावजी तिला घरी घेऊन आले. मला बघून म्हणाली, "रस्ता खराब असल अक्का. उद्या येईल."

चार दिवसांनी फोन आला. मावशी डोंगर चढून बोलत होती. बोली त्यांची, मला काय कळणार. मी दारात गहू निवडत बसले होते आणि ही कानाला फोन लावून भिंतीला टेकलेली. त्या सगळ्या बोलण्यात मला दोनच शब्द कळले, कारण ते आपल्याकडं पण तसेच म्हणतात. फोटो. पुलिस. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं बघत बसली. सुपातले गहू माझ्या मांडीवर सांडले.

फोन ठेवून तिनं सगळ्यांना सांगितलं, की भावाला दादा लोकांनी विचारपूस करायला जंगलात नेलंय. सोडतील. कशावरून नेलं, हे आत्याबाईंनी विचारलं. "माहीत न्हाई," ती म्हणाली. हिनं मला वाचवलं का हिला खरंच सांगितलं नाही, हे मला ठरवता येईना, आणि विचारायची छाती नव्हती. जिच्या तोंडाला आख्खं गाव भितं ती मी, गप्प बसले.

पण मी बीडला गेले. भावाला त्याच्या क्वार्टरवर गाठून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो टोपी हातात फिरवत बसला.

"बाई, तू काय केलंस हे," तो म्हणाला.

"तुझ्या खात्यातून काही करता येत असल तर बघ की रे. पाया पडते."

"काय करू? हितून कागद हलला तर तिकडच्या कॅम्पवरून चौकशीला माणसं जातील गावात. मग तर पक्कंच झालं, की पोरगा पोलिसाचा. आता गप बसणं एवढंच हाय त्याच्या हातात आन् आपल्या."

त्याच्यावर मी चिडले, वर्दी काय नुसती फोटोला घालतोस का म्हणून नाही नाही ते बोलले. त्यानं मला एस.टी.त बसवून दिलं आणि खिडकीशी गाडी हलेपर्यंत उभा राहिला.

घरी आल्यावर मी भिंतीवरचा फोटो काढला आणि कपाटात तळाला घातला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, बाकी भिंत धुरानं पिवळी. मालकांनी विचारलं, मी म्हणाले काच तडकली. दुसऱ्या दिवशी बघते तर त्या चौकोनावर खताच्या दुकानातलं कॅलेंडर. तिनं कधी लावलं मला कळलंही नाही.

ते वर्ष कसं गेलं विचारू नका. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून तिच्याकडं बघायची. दिवाळीला कळलं, तिच्या आईला गावानं ठेवून घेतलं नाही. पोलिसाशी सोयरीक केलेल्या घराला पाणी कोण देणार? बैल तिथंच सोडून म्हातारी तालुक्याच्या गावात कॅम्पच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या शेडात राहायला आली. तिथं अशी बरीच घरं आहेत म्हणे. शेत पडीक. ही इकडं मेंढरं बघायची, भाकरी थापायची, आत्याबाईंचे पाय चेपायची, माझ्याशीही पहिल्यासारखीच बोलायची. मला ते बोलणंच सोसेना. वाटायचं, एकदा शिव्या दे गं बाई, माझ्या झिंज्या धर, मोकळी हो. एक-दोनदा मी सुरुवातही केली, "मी काय म्हणते, ते गाठोडं…" तर ती म्हणायची, "अक्का, कोकरू कुठंय बघते," आणि उठून जायची.

परत श्रावण आला. चौथीच्या सकाळी मी दोघींची भगर टाकली, शेंगदाण्याची आमटी केली. आत्याबाई नेहमीसारख्या चुलीजवळ त्यांची भाकरी घेऊन बसल्या होत्या. ही मेंढरं सोडून आली, हातपाय धुतले. मी भगरीची वाटी तिच्यापुढं केली.

"अक्का," ती म्हणाली, "मला भाकर द्या."

"आज चौथ हाय गं."

"माहीत हाय."

आत्याबाईंनी मान वर केली. एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्या बारदानावर जरा सरकल्या, आपल्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक शेजारी ठेवला. ती जाऊन त्यांच्याजवळ बसली. ठेच्याला लावून खायला लागली.

"कवा?" आत्याबाईंनी विचारलं.

"थंडीत. आईनं सांगितलं. वाटेवर ठिवलं व्हतं त्याला."

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. थंडीत. म्हणजे सात-आठ महिने. एवढे दिवस ही पोरगी हे पोटात घेऊन आमच्या घरात वावरत होती. मग मला राहवलं नाही, मी रडत रडत बोलून टाकलं. "फोटो मी ठिवला. साडीत. मी ठिवला गं."

तिनं घास गिळला. पाणी पिली.

"मला त्याच दिवशी कळलं, अक्का. मावशीनं सांगितलं." मग माझ्यासमोरची भगरीची वाटी तिनं हातानं माझ्याकडं सरकवली. "तुमी उपास मोडू नका. तुमचा भाऊ हाय."

तिच्या आवाजात ना राग होता ना टोमणा. टोमणा असता तर मी सहन केला असता. मी ती भगर खाल्ली, सगळी, तिच्यासमोर. कशी खाल्ली ते मलाच माहीत.

चारच्या सुमाराला माझ्या भावाचा फोन आला. ती अंगणात तिचं आणि आत्याबाईंचं ताट घासत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. तो म्हणाला, "बाई, उद्या सकाळी येतो न्यायला. ड्यूटीवरून तसाच निघतो."

"तसाच येऊ नको," मी म्हणाले. "साध्या कपड्यात ये."

"कावून गं?"

अंगणातला घासायचा आवाज थांबला होता. मी त्याला म्हणाले, ये तर खरं, आणि फोन ठेवला.